बॅटरीचाही उतारा काढा



गळीत हंगामात ऊसतोड, वाहतूक आणि पेमेंट सोडून दुसऱ्या विषयावर या पानात लिहिण्याची वेळ येईल असे आम्हांस वाटले नव्हते. परंतु गेल्या काही आठवड्यांपासून कारखान्याच्या गेटवर, गट ऑफिसात आणि परतवाड्याच्या चहाच्या टपरीवर एकच विषय आमच्या कानी पडतो आहे. तो म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींचा. कोणी म्हणतो, घेऊन टाका, डिझेलचा खर्च वाचला. कोणी म्हणतो, पाच वर्षांत भंगारात द्याल. दोघेही सारख्याच जोरात बोलतात आणि दोघांपैकी कोणीही काही मोजून पाहिलेले नसते. या मोजून न पाहण्याबद्दलच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

दोन सभासदांच्या हकिकती सांगतो. नावे छापत नाही, कारण दोघांचीही तशी इच्छा आहे.

पहिल्या सभासदांनी मुलाच्या आग्रहाखातर बॅटरीची मोटार घेतली. चार वर्षे ती बिनबोभाट चालली. एके सकाळी मात्र गाडीत दिवा लागेना, पडद्यावर काही उमटेना, गाडी जागची हलेना. शेजारच्याने तिथल्या तिथे निदान करून टाकले, "बॅटरी गेली भाऊ. आता पाच-सात लाखाले पडते." त्या दिवशी त्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. येईल त्या भावात गाडी फुंकून टाकायची असे ठरले आणि गिऱ्हाईकही दुसऱ्याच दिवशी दारात उभे. (अशा वेळी गिऱ्हाईक कोठून उगवते, देव जाणे.) नशीब इतकेच की सौदा होण्याआधी अमरावतीचा एक मेकॅनिक येऊन गेला. त्याने मोठ्या बॅटरीला हातही लावला नाही. बोनेट उघडले, आतल्या लहान बारा व्होल्टच्या बॅटरीला मीटर लावला, तो साडेनऊ व्होल्ट दाखवू लागला. दुसरी चांगली बॅटरी जोडताच गाडी जागी झाली. लहान बॅटरी बदलण्याचा खर्च काही हजारांचा. लाखांची म्हणतात ती मोठी बॅटरी अगदी ठणठणीत होती.

पुष्कळांना हे ठाऊक नसते की बॅटरीच्या मोटारीतही आपल्या ट्रॅक्टर-जीपसारखी बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. दिवे, कुलपे, आतला संगणक आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती बसली की गाडी मेल्यासारखी दिसते.

दुसऱ्या सभासदांचे बरोबर उलटे झाले. त्यांनी एका दलालाकडून जुनी बॅटरीची मोटार स्वस्तात घेतली. दाखविताना पडद्यावर शंभर टक्के दिसत होते. दलाल म्हणाला, "शंभर टक्के म्हंजे बॅटरी नवीच समजा न काकाजी." काकाजींनी समजली. पुढे ऐन मे महिन्यात कुटुंबासह अकोल्याला लग्नाला गेले. जाताना ठीक. परतताना अकोट ओलांडले आणि काट्यावरचे टक्के पाहता पाहता उतरले. रात्री दहा वाजता बायका-पोरे रस्त्याच्या कडेला आणि गाडी टेम्पोवर. मागाहून तपासणी केली तेव्हा कळले, बॅटरी नवी असतानाच्या मानाने शंभरात एकाहत्तर उरली होती.

"मले त्यानं शंभर टक्के दाखवले होते ना भाऊ," असे ते आम्हांस तीन वेळा म्हणाले. आणि त्यात दलालाने खोटे काहीच दाखविले नव्हते, ही यातली खरी गोम आहे.

उसाचेच घ्या. ट्रॉली वजनकाट्यावर चढली की टन कळतात, साखर कळत नाही. ती कळते लॅबमध्ये, ब्रिक्स आणि पोल काढल्यावर. दहा टन ऊस दोन शेतांतून आला तरी दोहोंची साखर सारखी नसते, आणि एफआरपीसुद्धा सरकार १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरून ठरविते, नुसत्या टनावर नाही. बॅटरीचे अगदी तसेच आहे. पडद्यावरचे टक्के म्हणजे घागर किती भरली तो आकडा. घागर केवढी आहे हे त्यात येत नाही. वीस लिटरची घागर आतून गाळ बसून चौदा लिटरची झाली, तरी काठोकाठ भरल्यावर ती शंभर टक्के भरलेलीच. मोटारवाले पहिल्या आकड्याला चार्ज म्हणतात आणि दुसऱ्याला बॅटरीचे हेल्थ म्हणतात. आम्ही त्या दुसऱ्याला बॅटरीचा उतारा म्हणतो. आपल्या माणसाला तो शब्द लवकर कळेल.

आता ही बॅटरी टिकते किती? आपल्या मुलखातले जवळचे उदाहरण घेऊ. टाटांची नेक्सॉन ही बॅटरीवरची मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. पुणे जिल्ह्यातील रांजणगावला ती तयार होते. पहिल्या गाडीची बॅटरी ३०.२ युनिटची होती (मोटारवाले ज्याला किलोवॉट-तास म्हणतात तेच आपल्या वीजबिलातले युनिट) आणि बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तेवढी हमी होती. म्हणजे त्या पहिल्या खेपेच्या गाड्यांची हमी २०२८ साली संपू लागेल. हमी सरत आलेली गाडी पुण्या-मुंबईचा माणूस विकून टाकतो आणि ती हळूहळू आपल्याकडे सरकते. जुन्या जीपा अशाच आल्या, जुने ट्रकही असेच आले. त्यातून २०२५ च्या राज्य धोरणात समृद्धी महामार्गावर या मोटारींना टोलमाफी मिळाली, त्यामुळे आपल्या भागातही चौकशी वाढली आहे. येत्या दोन-तीन वर्षांत परतवाड्याच्या बाजारात जुन्या बॅटरीच्या मोटारी आजच्यापेक्षा बऱ्याच दिसतील. आम्ही आज घाईने लिहितो आहोत ते यासाठी.

पाच वर्षांत भंगार, हे बोलणे तर निखालस खोटे आहे. जिओटॅब नावाची कंपनी मोटारींतून येणाऱ्या आकड्यांचा हिशेब ठेवते. तिने २०१९ मध्ये काढलेल्या हिशेबात बॅटरीची ताकद सरासरीने वर्षाला २.३ टक्के घटत होती. २०२४ मध्ये सुमारे दहा हजार गाड्यांच्या आकड्यांवरून हाच दर १.८ टक्क्यांवर आलेला दिसला. वर्षाला दोन टक्के धरले तरी आठ वर्षांनी शंभराचे चौऱ्याऐंशी उरतात. आठ वर्षांच्या बैलाची किंमत बाजारात कोणी इतकी देणार नाही. पण लक्षात घ्या, ही सरासरी आहे. सरासरीत पंचाण्णववाली बॅटरीही असते आणि एकाहत्तरवालीही. तालुक्याची एकरी सरासरी चाळीस टन निघाली म्हणून तुमच्या वावरात चाळीस निघतीलच असे नाही.

फरक कशाने पडतो, तर मुख्यतः उन्हाने. याबाबतीत परदेशातली एक गोष्ट वऱ्हाडच्या माणसाने मुद्दाम ऐकावी. निसान कंपनीची लीफ ही बॅटरीची मोटार २०१० च्या अखेरीस विक्रीस आली. थंड मुलखात ती बरी चालली. परंतु अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात, जेथे उन्हाळा आपल्या अकोल्यासारखाच भाजून काढतो, तेथल्या मालकांच्या गाड्यांची ताकद एक-दोन वर्षांतच भराभर उतरू लागली. त्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी पाण्याची सोय नव्हती, नुसत्या हवेवर भिस्त होती. २०१२ साली त्यावर मोठा गहजब झाला. शेवटी कंपनीने ताकद घटण्यावरही हमी दिली. पाच वर्षे किंवा ६० हजार मैल यांच्या आत बॅटरीच्या बारा रेघांपैकी नऊ रेघा राहिल्या नाहीत तर दुरुस्ती कंपनीने करावयाची. ही हमी कंपनीला आपण होऊन सुचली नव्हती. मालकांनी आपापले आकडे मोजले, एकमेकांना दाखविले, तेव्हा ती पदरात पडली.

आपल्याकडच्या नेक्सॉनसारख्या गाड्यांत बॅटरीभोवती थंड पाणी फिरते, त्यामुळे ॲरिझोनासारखी पाळी येईल असे आम्ही म्हणत नाही. तरीही मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आणि पुण्याच्या सावलीत उभी असलेली गाडी यांचा उतारा सारखा राहणार नाही. तुटलेला ऊस दोन दिवस उन्हात पडला की वजन घटते व साखरही घसरते, तो गाडीत चढवा अथवा न चढवा. बॅटरीही नुसती उभी राहून म्हातारी होते, आणि उन्हात लवकर होते. काठोकाठ भरून उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवली तर आणखी लवकर. तेव्हा लिंबाच्या सावलीची जागा म्हशीची असली तरी एखादा कोपरा गाडीलाही द्यावा. दररोज जलद चार्जरवरच चार्ज करणे टाळावे, घरच्या सावकाश चार्जिंगने बॅटरीला कमी त्रास होतो. नेहमी शंभरापर्यंत भरावे की ऐंशीवर थांबावे, हे बॅटरीच्या जातीवर अवलंबून आहे. लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी मधून मधून पूर्ण भरावी लागते, नाहीतर आतल्या संगणकाचाच हिशेब चुकतो. म्हणून गाडीबरोबर आलेले पुस्तक पेटीत न टाकता एकदा वाचावे. इतकी काळजी पुरे. याहून जास्त करू लागलात तर गाडी तुमच्यासाठी राहणार नाही, तुम्हीच गाडीसाठी राबाल.

आता मुख्य गोष्ट, तपासायचे कसे.

पहिला मार्ग यंत्राचा. स्टेअरिंगखाली एक सॉकेट असते, त्याला ओबीडी म्हणतात. त्यात आगपेटीएवढा रीडर लावून मोबाइलवर किंवा मेकॅनिकच्या यंत्रावर गाडीच्या संगणकातले आकडे वाचता येतात. त्यात दोन आकडे पाहावे. एक, हेल्थ किती टक्के. दुसरा, निरनिराळ्या सेलच्या व्होल्टेजमध्ये फरक किती. मोठी बॅटरी म्हणजे शेकडो लहान सेलांची माळ आहे. ट्रॉलीला चार बैल जुंपले आणि त्यांतला एक लंगडा निघाला तर जोडी त्याच्याच चालीने चालते. तसा एकच सेल कमजोर असला तरी पूर्ण बॅटरी त्याच्यापाशी अडते. सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या हे आकडे बाहेरच्या रीडरला वाचू देत नाहीत. तेथे कंपनीच्या वर्कशॉपमधून छापील रिपोर्ट मागावा. विकणारा तो द्यायला कुरकुर करू लागला की आपले उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

दुसरा मार्ग आमच्या विशेष आवडीचा, कारण त्याला कोणाच्या संगणकावर विश्वास ठेवावा लागत नाही. चार्जिंगच्या प्लगच्या आधी एक साधा वीजमीटर बसवा. गाडी दहा टक्क्यांपर्यंत उतरवा, मग शंभरापर्यंत भरा आणि किती युनिट लागले ते लिहा. ३०.२ युनिटच्या बॅटरीत नव्वद टक्के भरायला साधारण २७ युनिट आत जावयास हवेत. भरताना वाटेत शंभरास दहा-पंधरा तरी वाया जातात, म्हणून मीटरवर ३०-३१ युनिट दिसले तर बॅटरी नव्यासारखी समजावी. समजा मीटर २५ वरच थांबला. बारा टक्के वाया धरले तर आत गेले २२. हे २२ झाले नव्वद टक्क्यांचे, म्हणजे शंभराचे झाले साडेचोवीस. ३०.२ च्या ठिकाणी साडेचोवीस, म्हणजे उतारा सुमारे ८१ टक्के. हिशेब ढोबळ आहे, कारण कंपनी सगळीच्या सगळी बॅटरी वापरायला देत नाही, थोडी राखून ठेवते. शंभरात पाच-सात इकडे-तिकडे होईल. पण एकाहत्तर आणि पंचाण्णव यांतला फरक या हिशेबाला नक्की कळतो. काकाजींनी गाडी घेण्याआधी एक रात्र आपल्या दारात लावून घेतली असती तर अकोटचा टेम्पो वाचला असता.

तिसरा मार्ग चिखलदऱ्याचा. आपल्या दारातच घाट आहे, त्याचा उपयोग का करू नये? परतवाडा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहूनही कमी उंचीवर आहे आणि चिखलदरा अकराशेच्या आसपास. माणसे बसलेली मोटार एवढ्या उंचीवर नेण्यातच साडेतीन-चार युनिट जातात, रस्त्याचे व एअर-कंडिशनचे वेगळे. चढावर कमजोर बॅटरीचे टक्के सावकाश न उतरता धपकन खाली येतात, मध्येच एकदम चार-पाच गळतात. चांगली बॅटरी पायरी-पायरीने उतरते. आणि उतरताना मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज परत भरते, तो आनंद वेगळाच. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याला म्हणावे, चला भाऊ, चिखलदऱ्याची हवा खाऊन येऊ. तो हो म्हणाला तर गाडीही पाहून होईल आणि भीमकुंडही.

जुनी गाडी घेताना हमीच्या कागदाकडेही डोळसपणे पाहावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रांनी चाकणच्या नव्या मोटारींच्या बॅटरीवर आजीवन हमी जाहीर केली, टाटांनीही पुढच्या वर्षी काही मोटारींना तशी दिली. ऐकायला गोड आहे. पण आजीवन हा शब्द पहिल्या मालकापुरता आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की हमीची मुदत आखडते. आणि हमी असली तरी किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, ती रेघ कागदात शोधावी. बहुधा ती सत्तरच्या आसपास असते. म्हणजे एकाहत्तर टक्केवाले आमचे काकाजी हमीच्या दारापर्यंत जाऊन बाहेरच उभे राहिले.

आमची खरी तक्रार कंपन्यांच्या मौनाबद्दल आहे. किलोमीटर किती झाले हे प्रत्येक गाडी न विचारता दाखविते. मग बॅटरीत ताकद किती उरली हे का दाखवू नये? आकडा गाडीत आहे. मालक आपण, पैसे आपले, आणि आकडा वाचायला मात्र दुसऱ्याच्या वर्कशॉपची पायरी! अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२६ च्या मॉडेलपासून हा आकडा चालकाला गाडीतच दिसला पाहिजे असा नियम २०२२ मध्ये केला. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटरीला पासपोर्ट लागणार आहे, त्यात तिची सगळी कुंडली राहील. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या एका जागतिक नियमात पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरला निदान ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजारांना ७० टक्के ताकद उरलीच पाहिजे असे माप घालून दिले आहे. आपल्या सरकारने २०२२ मध्ये टाकाऊ बॅटऱ्यांचे नियम केले, ते चांगले झाले. पण मेलेल्या बॅटरीची एवढी व्यवस्था लावताना जिवंत बॅटरीची नाडी मालकाला पाहता यावी, एवढे तरी व्हावे. आपल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न वर मांडावा अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे.

पण वरून नियम येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? आपला कारखाना सहकारी आहे. एकट्या माणसाला परवडत नाही ते दहांनी मिळून करावे, याचसाठी तो आहे. माती तपासायला आपण प्रत्येकाने घरी लॅब उघडली नाही. शेतकी खात्याचा माणूस हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन वावरात येतो, वरच्या आणि खालच्या कांड्याचा ब्रिक्स पाहतो आणि तोड कधी द्यायची ते सांगतो. तसेच बॅटरीचे व्हावे. आमची सूचना अशी की कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एक ओबीडी स्कॅनर, एक लोड टेस्टर, दोन-चार हायड्रोमीटर आणि चार्जिंगसाठी मीटर लावलेला एक प्लग एवढे ठेवावे. हे सगळे मिळून ट्रॅक्टरच्या एका मोठ्या टायरच्या किमतीत बसेल असा आमचा अंदाज आहे. सभासदाकडून नाममात्र फी घ्यावी आणि तारीख, किलोमीटर, त्या दिवसाचे तापमान व निघालेला उतारा लिहून सहीची पावती द्यावी. ही पावती घेऊन सभासद गाडी विकायला गेला तर त्याला दोन पैसे जास्त मिळतील, घ्यायला गेला तर फसगत होणार नाही.

यावर आक्षेप आले आहेत. एक संचालक म्हणाले, "कारखान्यानं साखर कराव, का गाड्या तपासाव्या?" त्यांचा मान राखून सांगतो, की यातली निम्मी सोय बॅटरीच्या मोटारीसाठी नाहीच, आपल्या ट्रॅक्टरसाठी आहे. हंगाम संपला की वाहतुकीचे ट्रॅक्टर महिनोन् महिने उभे राहतात. उभ्या उभ्या शिशाच्या बॅटरीचा चार्ज गळतो, पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि ऑक्टोबरात सेल्फ मारला की नुसते टक टक. मग नवी बॅटरी. उन्हाचा मार येथेही आहेच. दर आठ-दहा अंश उष्णता वाढली की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणून थंड प्रदेशात पाच-सहा वर्षे जाणारी बॅटरी आपल्याकडे तीन वर्षांतच थकते. पण त्या टक टक करणाऱ्या सगळ्याच बॅटऱ्या मेलेल्या नसतात. काही नुसत्या उपाशी असतात.

ओळखायचे कसे ते आपल्या लॅबच्या माणसाला विचारा. रसाचा ब्रिक्स मोजायला काचेचा जो तरंगणारा मापक असतो, बॅटरीचा हायड्रोमीटर त्याचा सख्खा भाऊ आहे. आतले पाणी म्हणजे पातळ गंधकाम्ल. बॅटरी भरलेली असली तर ते जड, १.२५ ते १.२८ च्या दरम्यान. रिकामी झाली तर १.१२ पर्यंत हलके. सहाही खणांत ते सारखेच उतरलेले असले तर बॅटरी उपाशी आहे, सावकाश चार्ज करा. पाच खण ठीक आणि एकच फार खाली असला तर तो सेल गेला, मग पैसे टाकण्यात अर्थ नाही. हल्ली पुष्कळ बॅटऱ्यांना झाकणे नसतात, वर एक हिरवा डोळा असतो. तो डोळा एकाच खणाचे सांगतो, पाचांचे सांगत नाही, हे ध्यानात असू द्या. बंद बॅटरीला मीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पोटभर, १२.२ म्हणजे अर्धपोटी, १२ च्या खाली गेली तर ताबडतोब चार्जिंगला. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली बसला तर बॅटरीचा दम गेला. आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ येत नसेल तर बॅटरीला दोष न देता डायनामो किंवा अल्टरनेटर पाहावा. नवी बॅटरी घेऊनही महिन्यात ती बसते म्हणून दुकानदाराशी भांडणारे आमच्या पाहण्यात आहेत, आणि दोष असतो ढिल्या पट्ट्याचा.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. आपल्या उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. २०२५ मध्ये देशात वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. मग बॅटरीच्या गाडीचे कौतुक म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे नव्हे काय? हा विचार आमच्याही मनाला चाटून गेला. परंतु बॅटरीची गाडी घ्या असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. घेऊ नका असेही नाही. सभासद गाडी घेणारच असेल तर त्याच्या उसाचे पैसे आंधळ्या सौद्यात जाऊ नयेत, इतकेच आमचे म्हणणे आहे. तो पैसा बुडाला तर इथेनॉलने तो भरून निघणार नाही.

तिसरी अडचण पावतीची. उद्या कारखान्याच्या पावतीवर नव्वद टक्के लिहिले आणि चार महिन्यांत बॅटरी बसली तर जबाबदार कोण? म्हणून पावतीवर स्पष्ट छापावे की हा त्या दिवशीचा आकडा आहे, पुढची हमी नाही. माती परीक्षणाचा कागदही पीक येण्याची हमी देत नाही, तरी आपण तो घेतोच. मात्र मोठ्या बॅटरीचे झाकण वर्कशॉपात कोणीही उघडू नये, हे कडक असावे. त्यात शेकडो व्होल्ट असतात. आपल्याला आकडा वाचायचा आहे, शस्त्रक्रिया करायची नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय ठेवावा असे पत्र आम्ही चेअरमनसाहेबांना दिले आहे. ज्या सभासदांना तो पटतो त्यांनी आपापल्या गट ऑफिसात सहीनिशी कळवावे, म्हणजे पत्राला वजन येईल. दरम्यान वाहतुकीचा ट्रॅक्टर उभा करण्याची वेळ जवळ येत आहे. शेडमध्ये लावताना बॅटरीची काळी तार सोडून ठेवा, टर्मिनलवरची पांढरी पूड सोड्याच्या पाण्याने धुवा, वर थोडे व्हॅसलिन लावा, पाण्याची पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे नको. आणि महिन्यातून एकदा बॅटरी काढून चार्ज करून आणा. पहिले सभासद, ज्यांची गाडी फुंकून टाकायची ठरली होती, ते परवा भेटले. खिशातून छोटा मीटर काढून म्हणाले, "आता कोनी काई म्हनो, मी आदी लावून पाह्यतो."